टक्केवारीऐवजी एक पेपर ठेवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय सनदी लेखापाल संस्था (आयसीएआय),
इंद्रप्रस्थ मार्ग, नवी दिल्ली.



पडघा हे भिवंडी तालुक्यातलं, मुंबई-नाशिक महामार्गावरचं गाव. भिवंडी म्हटलं की पूर्वी लोकांना यंत्रमाग आठवायचे. आता आमच्या बाजूला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं दिसतात. मुंबईच्या जकातनाक्यांच्या अलीकडे माल उतरवायचा म्हणून काही गोदामं आधीपासून होतीच. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, प्रत्येक राज्यात वेगळं गोदाम ठेवण्याची कंपन्यांची गरज कमी झाली आणि इथली गोदामं आणखी वाढली, आकारानेही मोठी झाली. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्याचं मुंबईकडचं टोक आमच्या शेजारी, आमणे गावात आहे.

गोदामात शिरणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर टॅक्स इन्व्हॉइस, बिल्टी, ई-वे बिल असे कागद येतात. ते तपासणारी, टॅलीत चढवणारी, महिन्याला जीएसटीआर-२बीशी जुळवणारी कितीतरी मुलंमुली कॉमर्सची नाहीत. कोणी मराठी घेऊन बी.ए. केलंय, कोणी भूगोल. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आहे. पदवीनंतर लॅबमधली नोकरी मिळाली नाही, गोदामाच्या ऑफिसात मिळाली. तिथे डेबिट-क्रेडिट शिकले आणि त्यात मन रमलं. हे नाइलाजाने सांगत नाही. अमुक इतका माल आत आला, अमुक इतका बाहेर गेला, शिल्लक जुळत नसेल तर फरक कुठे पडला ते शोधायचं. रासायनिक अभिक्रियेचं समीकरण संतुलित करताना जी बुद्धी लागायची, तीच इथेही लागते.

आमच्यातल्या अनेकांना सीए व्हायचं आहे. तुमचं दार बंद आहे, अशी तक्रार मी करणार नाही. पदवीधरांना फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला बसण्याची सोय तुम्ही केली आहे. कॉमर्सवाल्यांना ५५ टक्के लागतात, इतरांना ६०. माझा आक्षेप आहे तो या ६० च्या आकड्यावर, आणि तो कमी करा असंही मी म्हणत नाही.

सेंद्रिय रसायनशास्त्रात ६२ टक्के मिळवणाऱ्या मुलीला घसारा कसा काढतात हे माहीत असेलच असं नाही. तरीही ती थेट इंटरमीडिएटला येते आणि तिच्यासमोर पहिलाच पेपर पडतो ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगचा. मूळ अकाउंटिंग फाउंडेशनमध्ये होतं, ते तिने पाहिलेलंच नसतं. दुसरीकडे, ५७ टक्क्यांचा एखादा मुलगा रोज खरेदी-विक्रीच्या नोंदी करतो, इनपुट टॅक्स क्रेडिट कुठे अडतं ते ओळखतो. सूत जॉबवर्कला महाराष्ट्रातच ५० किलोमीटरच्या आत पाठवायचं असेल तर ई-वे बिल लागत नाही, हेही त्याला तोंडपाठ असतं. त्याला मात्र बारावीच्या मुलांबरोबर फाउंडेशनचे चारही पेपर द्यावे लागतात. एकीला पायाशिवाय वर चढवलं जातं, दुसऱ्याला असलेला पाया पुन्हा भरायला लावला जातो. दोघांच्याही बाबतीत ती टक्केवारी अकाउंटिंगबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी. कॉमर्सेतर पदवीधरांसाठी टक्केवारीची अट काढा आणि तिच्या जागी फाउंडेशनचा फक्त अकाउंटिंगचा पेपर ठेवा. जो पास होईल तो इंटरमीडिएटला जाईल, मग पदवी कुठलीही असो आणि गुण कितीही असोत. यात दर्जा खाली येत नाही. आज ज्याची परीक्षाच होत नाही त्याची होईल. कॉस्ट अकाउंटंट्सची संस्था पदवीधरांना इंटरमीडिएटला घेताना गुणांची टक्केवारी विचारत नाही, आणि तिथल्या परीक्षा काही सोप्या नाहीत. फाउंडेशनच्या त्या अकाउंटिंगच्या पेपरची तयारी मराठीतून करता आली तर फारच बरं. तुमच्या परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येतात, ते राहू द्या. पण प्रोव्हिजन आणि रिझर्व्ह यांतला फरक पहिल्यांदा समजून घेताना आपली भाषा लागते. कल्याण किंवा भिवंडीला रविवारी वर्ग भरले, तर एसटीने, रिक्षाने पोचणारी मुलं कमी नाहीत.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. १९१८ साली मुंबई सरकारने अकाउंटन्सीची पदविका सुरू केली, तेव्हापासून जाणत्याच्या हाताखाली उमेदवारी करणं हा या व्यवसायाचा कणा आहे, आणि तो असायलाच हवा. २०२३ च्या नव्या योजनेत तुम्ही आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आणली, त्याबद्दल मनापासून आभार. पण विशीच्या मध्यावर क्षेत्र बदलणाऱ्याच्या घरी त्याच्या पगाराची वाट पाहणारं कोणीतरी असतं. आर्टिकलशिपच्या काळात परवानगीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही. किमान स्टायपेंड गावाच्या लोकसंख्येवरून ठरतो, म्हणजे लहान गावच्या ऑफिसात काम करणाऱ्याच्या हाती सगळ्यात कमी पैसे येतात. वाणसामानाचे आणि रिक्षाचे दर पडघ्यात काही त्या हिशेबाने उतरत नाहीत.

यावरचा एक मार्ग तुमच्याच नियमांत आहे. आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षी, जिथे सीए नोकरीला आहे अशा कंपनीत इंडस्ट्रियल ट्रेनिंग करता येतं. इथल्या अनेक गोदामांमागे मोठ्या कंपन्या आहेत. मात्र त्यांचे सीए बसतात मुंबईच्या मुख्य कार्यालयात, आणि मुलं पडघ्यात. सीए मुख्य कार्यालयात, उमेदवार गोदामात आणि देखरेख काही ठरावीक दिवस प्रत्यक्ष, एरवी ऑनलाइन, अशी रचना चालेल का, हे संस्थेने स्पष्ट शब्दांत जाहीर करावं. आणि उमेदवार त्याच कंपनीचा जुना कर्मचारी असेल तर त्याला स्टायपेंडऐवजी त्याचा पगार चालू ठेवण्याची मुभा द्यावी. स्टॉकची मोजणी, जुळवणी, जीएसटीची विवरणपत्रं ही कामं तो आजही करतो आहे. त्यावर तुमच्या सभासदाची नजर आणि सही हवी आहे, एवढंच.

आपल्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत हे दोन्ही मुद्दे विषयपत्रिकेवर यावेत, ही विनंती. उत्तर नकाराचं असलं तरी कारणांसह द्यावं. इथे पुष्कळ जण त्यावर पुढच्या वर्षाचं गणित मांडणार आहेत.

आपली नम्र,
गोदामाच्या अकाउंट्स विभागातली एक बी.एस्सी.
पडघा, ता. भिवंडी, जि. ठाणे