दिव्याचा वॅट सांगणार नाही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायला. विषय कासवाचा आहे. ज्यांना हा विषय क्षुल्लक वाटतो त्यांनी मागच्या महिन्यातली पावभाजीची पोस्ट वाचावी, तिथे सगळे खूष होते.

माझं म्हणणं सरळ आहे. काचेच्या पेटीत ठेवलेलं कासव हे पाळलेलं कासव नव्हे, मांडून ठेवलेलं कासव आहे. पेटी काचेची का असते? आपल्याला चारी बाजूंनी दिसावं म्हणून. कासवाला तिचा काडीचा उपयोग नाही, उलट तापच आहे. काच म्हणजे भिंत हे त्याला कळत नाही. पलीकडे जागा दिसतेय, मग वाट असणारच, असं धरून ते दिवसभर त्या काचेला नाक लावून पाय घासत बसतं. आणि आपण कौतुकाने म्हणतो, "बघ, कसा बाहेर बघतोय!"

नव्या वाचकांसाठी : मी इंग्लंडात राहतो आणि आमच्याकडे हर्मन जातीचं एक कासव आहे. मूळ भूमध्य समुद्राकाठचं, पण जन्म इथलाच, कागदपत्रांसकट. (या जातीची विक्री इथे प्रमाणपत्राशिवाय करता येत नाही. कागद मागितल्यावर विकणारा कुरकुरला तर तिथून निघावं.) त्याचं नाव तात्या. आमच्या घराण्यात एक खरे तात्या होऊन गेल्याने काकू सहा महिने रुसली होती. असो.

तात्यासाठी घर शोधायला इथल्या एका दुकानात गेलो तेव्हा त्यांनी 'सगळं एकात' असा संच पुढे केला : तीन फुटी काचेची पेटी, एक दिवा, एक प्लॅस्टिकचं झाड आणि लाकडाच्या भुशाची पिशवी. मी विचारलं, यात थंड बाजू कुठली? विक्रेत्याने पेटी उलटसुलट करून पाहिली. थंड बाजू नव्हतीच! आणि कासवाच्या घरात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच असते. या प्राण्याच्या अंगात स्वतःची शेगडी नाही. सकाळी उन्हात जाऊन तापायचं, चरायचं, फार तापलं की सावलीत शिरायचं, यावर त्याचं अन्न पचतं आणि दिवस चालतो. एका टोकाला दिव्याखाली ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २० च्या आसपास, एवढा फरक हवा. तीन फुटी बंद पेटीत दिवा लावला की तासाभरात सगळीकडे सारखंच गरम होतं. जायचं कुठे त्याने?

म्हणून मी पेटी घेतली नाही, मेज बांधलं. १८ मिलिमीटरच्या प्लायवुडचा सहा फूट बाय तीन फूट तळ, फूटभर उंचीच्या अपारदर्शक भिंती, वर उघडं. आत तळ्यांना अंथरतात तो जाड रबरी कागद, कारण माती ओली राहते आणि प्लाय फुगतं. जमिनीवरची थंडी लागू नये म्हणून खाली पाय. कोपऱ्यांवर तिरक्या पट्ट्या ठोकल्या, कारण कासव कोपऱ्यात चढतं. विश्वास नसेल तर पाळून बघा. नको, पाळू नकाच, माझ्यावर विश्वास ठेवा. ज्यांना सुतारकाम जमत नाही त्यांनी जुनं पुस्तकांचं कपाट पाठीवर आडवं टाकावं आणि मधल्या फळ्यांना दारं कापावीत. छान मेज होतं.

आत चार ते सहा इंच माती आणि वाळू. भुसा नाही, वर्तमानपत्र तर नाहीच. कासव उकरतं, स्वतःला पुरून घेतं, आणि खालची माती किंचित ओलसर असली की त्याला मानवतं. कोरड्या ठणठणीत जागेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर उंचवटे येतात, देवळाच्या शिखरांसारखे. लोकांना ती नक्षी वाटते. दिव्याखाली एक सपाट पाटीचा दगड ठेवलाय. तो तापतो आणि त्यावर तात्या पाय पसरून असा पडतो की आमचे खरे तात्या दुपारी ओसरीवर पडायचे त्याचीच आठवण यावी. (काकू, माफ कर.) चरायला बागेतलं तण, पाणी प्यायला उथळ बशी, लपायला अर्धं फुटलेलं कुंडं.

आता दिवा. भांडणाचं मूळ इथेच आहे. कासवाला नुसती ऊब पुरत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांचा बी भाग कातडीवर पडला की ड जीवनसत्त्व तयार होतं, ते असेल तर पोटातलं कॅल्शियम अंगी लागतं, आणि कॅल्शियम अंगी लागलं नाही तर हाडं आणि कवच मऊ पडतात. कवच मऊ झालेलं कासव एकदा हातात घेतलंत तर विसरणार नाही. पिकलेल्या पपईसारखं दबतं. आणि हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत! म्हणजे 'आम्ही पेटी खिडकीत ठेवतो, भरपूर ऊन येतं' हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटलं तरी पोकळ आहे. ऊब येते, तीही बंद पेटीत जीव घेण्याइतकी. हवं ते येत नाही. म्हणून खास नळी लावावी लागते, योग्य उंचीवर, मध्ये काच नको. ती वर्षा-सहा महिन्यांनी बदलावी लागते, कारण डोळ्यांना उजेड तेवढाच दिसतो पण कामाचे किरण आटलेले असतात. हो, खर्च होतो. तात्यापेक्षा त्याचे दिवे महाग पडलेत.

"एका कासवासाठी एवढं?" हा प्रश्न मला फोनवर इतक्यांदा विचारला गेलाय की मी तो बाहेर टांगणार आहे. बरं, जो विचारतो त्याच्या डोक्यात शर्यतीची गोष्ट असते. कासव हळू, म्हणून त्याला जागा कमी लागते! हळू चालणारा माणूस लहान खोलीत राहतो का? मोकळं असेल तर हर्मन कासव हेक्टरभर सहज फिरतं. माझं सहा फुटी मेजसुद्धा त्याच्या दृष्टीने तडजोडच आहे. ते इथल्या थंडीपावसासाठी आहे. मे ते सप्टेंबर तात्या बागेत असतो. हिवाळ्यात तो चक्क फ्रिजमध्ये झोपतो, ५ अंशांवर, वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये. रोज दार उघडून हवा द्यायची, दर आठवड्याला वजन करायचं. हे ऐकून आईने दोन मिनिटं फोनवर काही बोलणंच सोडलं होतं.

या देशाला कासवाचा इतिहास आहे, आणि तो काही भूषणावह नाही. गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याला १७८० साली आत्याकडून वारशाने एक कासव मिळालं. त्याने त्याच्या झोपेच्या, जागं होण्याच्या तारखा टिपल्या, वजनं केली. नाव टिमथी, मेल्यावर कळलं की ती मादी होती. तिचं कवच आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. हा झाला एक भला माणूस. पण विसाव्या शतकात भूमध्य सागराकाठून लाखो कासवं खोक्यांत एकमेकांवर रचून इथे आणली गेली, आठवडी बाजारात विकली गेली, आणि त्यातली बहुतेक पहिल्याच हिवाळ्यात मेली. १९८४ मध्ये ती आयात बंद झाली. म्हणजे मुलांना खेळायला कासव, ही हौस इथे करून झाली आहे. आपण ती आता नव्याने करतोय.

आणि आता आपल्याकडे येतो. पुण्याहून माझ्या मावसभावाचा निरोप आला. कुणीतरी त्याला एक स्टार कासव 'देणार' आहे. वास्तूला चांगलं, मुलालाही विरंगुळा. तर दादाला माझ्याकडून हवंय काय, तर दिवा किती वॅटचा लावू आणि पेटी केवढी घेऊ.

दादा, तू हा ब्लॉग वाचतोस हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहितो. वॅट सांगणार नाही. मेजाचं मापही तुझ्यासाठी नाही.

एक तर तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे कासव घरात ठेवता येत नाही, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये कडक बंदी आली, कारण बॅगांमध्ये, मोज्यांत गुंडाळून ती विमानाने परदेशी जातात. 'देणारा' ते कुठून आणतो हे त्याला विचार. पुण्यात ते उगवत नाही. गुजरात-राजस्थानच्या किंवा आंध्र-तमिळनाडूच्या काटेरी माळावरून कुणीतरी उचललेलं असतं.

दुसरं, तुला दिवा लागतो कशाला? मला लागतो कारण इथे नोव्हेंबरात सूर्य दिसत नाही. तुझ्याकडे वर्षातले आठ महिने फुकट ऊन आहे. फक्त तू बाल्कनी खोलीत घेऊन काचा लावल्यास, आणि आता ऊन विकत घ्यायला निघालास!

वास्तूचं म्हणशील तर आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर कासव असतं ते दगडाचं. पूर्वजांना अक्कल होती. कीर्तनात कासवी आपल्या पिल्लांना नुसत्या नजरेने पोसते असं सांगतात, आणि ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण तो दृष्टांत आहे. आपल्या नजरेने कुणाचं कवच घट्ट होत नाही. तेरा फ्लोअरच्या फ्लॅटमध्ये विष्णूचा अवतार टबात ठेवून वर काकडीच्या चकत्या टाकणं ही भक्ती कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

तू म्हणशील, मी नाही घेतलं तर दुसरा कुणीतरी घेईल. घेईल. पण तू घेतलंस की तो माणूस परत माळावर जाऊन आणखी दोन उचलेल, कारण गिऱ्हाईक आहे हे त्याला कळलेलं असेल.

तर नाही म्हण. आणि एव्हाना ते घरात आलंच असेल तर वनखात्याला फोन कर, १९२६. ते टेकडीवर नेऊन सोडू नकोस. ती त्याची टेकडी नाही, आणि घरातून नेलेला एखादा रोग तिथल्या प्राण्यांना लागायला नको. मुलगा रडेल. त्याला मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याकडे पाठव, तात्या तेव्हा बागेत असतो. तण उपटायला मला माणूस हवाच आहे.