अठरा वर्षांनंतर काय?

हृदयात दोष घेऊन जन्मलेले मूल शस्त्रक्रियेनंतर घरी येते, पेढे वाटले जातात, नवस फेडले जातात आणि आईबाप म्हणतात, 'सुटलो एकदाचे!' या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. पण 'सुटलो' हा शब्द आम्हांस खटकतो. पुढचा सारा घात त्यातच आहे.

फॅलोच्या विकाराचेच पाहा. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. म्हणून मूल निळे पडते. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे डॉ. लिलेहाय यांनी या विकाराची पहिली संपूर्ण दुरुस्ती केली आणि ज्यांनी एरवी तारुण्यही पाहिले नसते, ती मुले संसार करू लागली. मात्र ती वाट रुंद करताना पुष्कळदा तेथील झडप निकामी होते. रक्त थोडे थोडे मागे फिरते, उजवा कप्पा वर्षानुवर्षे ताणला जातो, आणि रुग्णाला त्याची जाणीव बहुधा फार उशिरा होते. कित्येकांना ऐन तारुण्यात नवी झडप बसवावी लागते. क्वचित ठोके बिघडून अकस्मात मृत्यूही ओढवतो. नियमित तपासणीत हे आधी कळू शकते. पण अशी तपासणी जन्मभर करावयाची असते, हेच ज्याला कोणी सांगितले नाही, त्याने काय करावे?

२०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अंगणवाड्यांतून व शाळांतून अशी मुले हुडकून काढतो. काम स्तुत्य आहे. परंतु त्याची मर्यादा अठरा वर्षांची. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांचे दार मिटते, आणि मोठ्यांच्या हृदयविभागातील सारी धावपळ असते ती रक्तवाहिन्या तुंबलेल्या रुग्णांसाठी. लंडनमध्ये डॉ. जेन सॉमरव्हिल यांनी जन्मजात दोष घेऊन वाढलेल्या तरुणांसाठी १९७५ साली स्वतंत्र कक्ष उघडला. आपल्याकडे असे विभाग अद्याप थोडेच, आणि तेही मोठ्या शहरांत. विमा कंपन्यांची तऱ्हा तर और! जे आजार संरक्षणातून कायमचे वगळण्याची मुभा नियामकाने त्यांना २०१९ साली दिली, त्या यादीत जन्मजात हृदयविकारही होता.

मुलींच्या बाबतीत तर मौनच घातक ठरते. छातीवरचा व्रण पदराखाली झाकून लग्न उरकले जाते. गरोदरपणी हृदयाचे काम जवळजवळ दीडपट होते आणि नेमका तेव्हाच प्रसूतितज्ज्ञाला पूर्वेतिहास ठाऊक नसतो. अनेक दोषांत बाळंतपण सुखरूप पार पडते. फुप्फुसांतील रक्तदाब फार वाढला असेल, तर मात्र ते मातेच्या जिवावर बेतते. आपली मुलगी यांपैकी कोणत्या गटात मोडते, हे लग्नाआधी डॉक्टरांना विचारण्यात लाज कसली? (मुलाकडच्यांनीही त्यावरून नाके मुरडण्याचे कारण नाही.)

प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातील एक दिवस या प्रौढांसाठी राखून ठेवावा, अशी आमची मागणी आहे. शस्त्रक्रियेत काय दुरुस्त केले व काय राहिले, याची मराठीत लिहिलेली पुस्तिका रुग्णालयाने प्रत्येकाच्या हाती द्यावी. तिला खर्च तो किती? आणि ज्यांच्या घरी असे तरुण आहेत, त्यांनी शासनाची वाट पाहू नये. ट्रंकेच्या तळाशी गेलेला तो जुना कागद आजच शोधावा आणि शेवटची तपासणी कोणत्या साली झाली ते पाहावे.