स्थगित झालेली नोंद आणि औषधालयाचे प्रमाण

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायबंधूंपुढे एक नवीच अडचण उभी राहिली आहे. औषधालय नित्याप्रमाणे उघडलेले असते, वैद्य उपस्थित असतात, चूर्णे, काढे, आसवारिष्टे यांनी कपाटे भरलेली असतात. परंतु मोबाइलवर गूगलच्या नकाशात त्या औषधालयाचे नाव शोधले तर ते सापडत नाही. कधी नाव दिसते, पण त्यातील वेळ वा दूरध्वनी क्रमांक बदलण्याचा अधिकार मालकाला उरलेला नसतो. नोंद स्थगित करण्यात आली आहे, एवढीच सूचना त्यास येते. तीत एखाद्या धोरणाचे मोघम नाव असते. नेमका कोणता शब्द, कोणते छायाचित्र किंवा पत्त्यातील कोणता भाग त्यास कारण झाला, हे बहुधा कळत नाही.

हा विषय वैद्यांच्या त्रैमासिकात कशासाठी, असे काही ज्येष्ठ वाचकांस वाटेल. आमच्या मते तो येथेच यावयास हवा. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी या गावी एखादी लहान रसशाळा आहे व तिला लागूनच तिचे विक्रीचे दुकान आहे, असे उदाहरणादाखल धरून चालू. जिल्ह्यास एका बाजूने गुजरातची व दुसऱ्या बाजूने मध्य प्रदेशची सीमा लागते. येणारा रुग्ण अहिराणी बोलणारा असेल, गुजराती बोलणारा असेल, भिल्ल वा पावरा असेल. एकदा नेलेले औषध संपत आले की घरातील शिकलेला मुलगा मोबाइलवर दुकानाचे नाव शोधतो. नाव मिळाले नाही, तर दुकान बंद पडले असाच अर्थ तो घेतो आणि दोन महिने नेटाने चाललेली चिकित्सा मध्येच तुटते. मालकाचे नुकसान उघडच आहे. परंतु चिकित्सेतील हा खंड रुग्णाला भोगावा लागतो, म्हणून प्रश्न केवळ दुकानदारीचा राहत नाही.

गूगलने ही सोय २०१४ मध्ये 'गूगल माय बिझनेस' या नावाने सुरू केली व २०२१ च्या अखेरीस तिला 'गूगल बिझनेस प्रोफाइल' हे नाव दिले. सेवा विनामूल्य आहे. विनामूल्य असल्यामुळे मालकाजवळ पैसे भरल्याची पावती नसते आणि समोरासमोर जाऊन जाब विचारावा असे कार्यालयही जिल्ह्याच्या ठिकाणी नसते. नोंदींची छाननी मोठ्या अंशी यंत्राकडून होते. चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चार प्रमाणे मानली. यंत्राजवळ त्यांपैकी अनुमान तेवढे असते. दोन नोंदींचा दूरध्वनी क्रमांक एकच आहे, पत्ता वारंवार बदलला आहे, नावात न शोभणारे शब्द आहेत, एवढ्या लक्षणांवरून ते निर्णय करते. मग प्रत्यक्ष दाखवून देण्याचे ओझे मालकावर येऊन पडते.

येथेच आयुर्वेदीय औषधालयाची एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे आम्हाला वाचकांचे लक्ष विशेषत्वाने वेधावयाचे आहे. स्थगिती उठवण्यासाठी मागितल्या जाणाऱ्या कागदांत व्यवसायाची अधिकृत नोंदणी, व्यवसायाचा परवाना, कर-नोंदणीचे प्रमाणपत्र, वीज वा दूरध्वनीचे देयक यांचा समावेश असतो. आधुनिक औषधांच्या दुकानात विक्रीचा परवाना भिंतीवर टांगलेला असतो. त्याचे छायाचित्र काढले की काम झाले. आपल्याकडे तसे नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखाली आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस लागत नाही. ही सवलत आपल्या व्यवसायास पिढ्यान्‌पिढ्या सोयीची वाटत आली. परंतु 'तुम्ही औषधाचे दुकान चालवता हे कशावरून?' असा प्रश्न परदेशातील यंत्र विचारू लागले की तीच सोय अडचण होऊन बसते. कायद्याने जो कागद कधी मागितलाच नाही, तो आणायचा कोठून?

वस्तू व सेवा कराचे प्रमाणपत्र दाखवावे, असे कोणी सुचवील. केवळ मालाची विक्री करणाऱ्या दुकानास महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पासून ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत सामान्यतः ती नोंदणी सक्तीची नाही. खेड्यातील बहुसंख्य दुकाने या मर्यादेच्या आत असतात. महावितरणचे देयक दाखवावे, तर ते पुष्कळदा आजोबांच्या नावाने येते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मिळतो, पण त्यावर घरमालकाचे नाव असते, दुकानाचे नसते. थोडक्यात, व्यवसाय खरा, जागा खरी, मालक खरा. आणि तरीही तिघांना एका ओळीत बांधणारा कागद नाही.

यास उपाय आहे आणि तो फार खर्चाचा नाही. केंद्र शासनाची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन व निःशुल्क होते. तिच्या प्रमाणपत्रावर उद्योगाचे नाव व पत्ता दोन्ही येतात. दुकाने व आस्थापना यांच्याविषयीच्या २०१७ च्या महाराष्ट्र अधिनियमाने लहान आस्थापनांस नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची मुभा दिली. त्या सूचनेची पोचपावती, जिला आपण अद्याप सवयीने 'गुमास्ता' म्हणतो, तीही उपयोगी पडते. रसशाळेजवळ अन्न व औषध प्रशासनाचा निर्मिती-परवाना असतोच. वैद्य स्वतःच्या नावाने नोंद ठेवीत असतील, तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचे नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडावे. मात्र या सर्व कागदांवरील नाव व पत्ता, दुकानाच्या फलकावरील नाव आणि नकाशावरील नोंद ही अक्षरशः एकच असली पाहिजेत. आमच्या मते बहुतेक खटाटोप या एका ठिकाणी अडतो.

कळसाडीचेच पाहा. गावठाणात रस्त्यांना नावे नसतात. 'मारुती मंदिरासमोर' हाच पत्ता असतो. रोमन लिपीत 'ळ' नाही, त्यामुळे एका कागदावरील इंग्रजी अक्षरे 'कलसाडी' अशी वाचता येतात, दुसऱ्यावरील 'कलासाडी' अशी, तिसऱ्यावरील 'काळसाडी' अशी. तालुक्यांच्या नावांचीही तीच गत: शहादा कोठे शहादे होते, अक्राणी कोठे धडगाव होते. शिवाय नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यापूर्वीच्या परवान्यावर वा खरेदीखतावर 'जिल्हा धुळे' असेच असणार. तहसील कार्यालयातील लिपिकास हे सांगावे लागत नाही. यंत्रास मात्र ही दोन वेगळी ठिकाणे वाटू शकतात. यास्तव इंग्रजी अक्षरांतील एकच लेखन निश्चित करून सर्व कागद टप्प्याटप्प्याने त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावेत. पडताळणीसाठी काही वेळा न तोडलेले, सलग चलचित्र मागतात. त्यात परिसर, फलक आणि आपण दुकान स्वतः उघडू शकतो हे दिसावे लागते. रस्त्याची पाटी नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा शाळेचा फलक चौकटीत आणावा.

आता आपल्याच व्यवसायातील एका खोडीविषयी. फलकावर 'अमुक आयुर्वेद भवन' एवढेच असते. नकाशावरील नोंदीत मात्र त्याच नावापुढे मधुमेह, मूळव्याध, गुडघेदुखी, 'खात्रीशीर', 'उत्तर महाराष्ट्रात प्रथम' अशी शेपटी जोडलेली असते. शोधणाऱ्यास आपले नाव आधी दिसावे हा त्यामागील हेतू. गूगलच्या नियमांनुसार नोंदीतील नाव प्रत्यक्ष फलकावरील व कागदांवरील नावाप्रमाणेच असावे लागते आणि अनावश्यक शब्द जोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते. एकाच वैद्याने आपल्या प्रत्येक विशेष चिकित्सेसाठी निरनिराळी नोंद करणेही त्यात बसत नाही. जी रसशाळा ग्राहकास प्रत्यक्ष भेटत नाही, केवळ कुरिअरने माल पाठवते, ती या नोंदीस मुळात पात्रच ठरत नाही. तिने अपील करण्यात वेळ दवडू नये, स्वतःचे संकेतस्थळ करावे.

परंतु गूगलचे नियम बाजूस ठेवले तरी आपला कायदा आहेच. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात यांसह ५४ व्याधी-विकार आहेत आणि त्यांवर औषध असल्याची जाहिरात करण्यास कलम ३ ने मनाई आहे. जाहिरातीच्या व्याख्येत प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या द्वारे केलेली घोषणाही येते. (धुराने जाहिरात करणारा वैद्य आमच्या पाहण्यात नाही, परंतु मोबाइलचा पडदा प्रकाशानेच बोलतो.) नोंदणीकृत व्यावसायिकाने आपल्या जागेत अशा व्याधींवर चिकित्सा होते असा फलक लावल्यास कलम १४ ने सूट दिलेली आहे, पण ती त्या जागेवरील फलकापुरती. नकाशावरील नोंद म्हणजे ती जागा नव्हे. जाहिरातींच्या पूर्वपरवानगीचा नियम १७० हा १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळण्यात आला, त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेस स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघताना ती स्थगिती उठली. तेव्हापासून 'आता बंधन उरले नाही' अशी समजूत पसरलेली दिसते. ती चुकीची आहे. १९५४ चा अधिनियम जागच्या जागी आहे. नोंद परत मिळवावयाची असेल तर प्रथम ही शेपटी छाटावी. निदानपरिवर्जनावाचून औषधाचा गुण येत नाही, हे आपल्यास कोणी नव्याने शिकवावयास नको.

अपिलाची रीत थोडक्यात अशी. कारण दुरुस्त केल्यावर गूगलच्या अपील-सुविधेतून अर्ज करावयाचा असतो आणि पुराव्याचे कागद जोडण्यास ६० मिनिटांचाच अवधी मिळतो. तालुक्यास जाऊन झेरॉक्स आणू, असे म्हणण्यास जागा नाही. सर्व कागद स्पष्ट छायाचित्रांच्या रूपाने आधीच तयार असावेत. पहिला निर्णय प्रतिकूल आल्यास फेरतपासणी मागता येते. निर्णय येईपर्यंत त्याच दुकानाची दुसरी नोंद करू नये. उतावीळपणे केलेल्या दुसऱ्या नोंदीमुळे आपली बाजू अधिकच संशयित होते, आणि रुग्णांनी वर्षानुवर्षे लिहिलेले अभिप्राय जुन्या नोंदीपाशीच राहतात. 'पैसे द्या, नोंद चालू करून देतो' असे दूरध्वनीवर सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. अपिलास शुल्क नाही.

एवढे सारे करूनही हे मान्य केले पाहिजे की व्यवस्था न्याय्य नाही. १ मार्च २०२४ रोजी गूगलने शुल्काच्या वादावरून काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप्स आपल्या प्ले स्टोअरवरून काढली; त्यांत मुंबईच्या शादी डॉट कॉमचाही समावेश होता. केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातले, बैठका झाल्या आणि थोड्याच दिवसांत ती अ‍ॅप्स परत आली. प्रसंग निराळा होता, पण मुद्दा तोच आहे: मोठ्या कंपनीसाठी मंत्री दूरध्वनी उचलतात, कळसाडीच्या रसशाळेसाठी कोण उचलणार? युरोपीय संघाने २०१९ मध्ये याविषयी नियम केले व ते १२ जुलै २०२० पासून लागू झाले. व्यवसायावर निर्बंध घालताना कारणे लेखी कळवावीत, सेवा पूर्णतः बंद करावयाची असल्यास काही अपवाद वगळता ३० दिवस आधी सूचना द्यावी, तक्रारीची अंतर्गत व्यवस्था ठेवावी, अशी त्यांत तरतूद होती. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आणि त्याच्या निर्णयावर अपिलासाठी २०२३ मध्ये केंद्र शासनाने तक्रार अपील समित्या स्थापन केल्या. व्यवसाय-नोंदीच्या प्रकरणांत हा मार्ग किती फळ देईल याची हमी आम्ही देत नाही. तरी गूगलकडील अपील फेटाळले गेल्यास तो जरूर अवलंबावा, आणि केलेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती जपून ठेवाव्यात.

संघटनांनी या बाबतीत हात झटकू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. विक्री-परवाना नसलेल्या दुकानास 'हे औषधालय अमुक वर्षापासून या पत्त्यावर चालू आहे' असे पत्र जिल्हा शाखेने प्रत्यक्ष पाहणी करून द्यावे. ते शासकीय कागदाची जागा घेणार नाही, पण सोबत जोडता येईल. पाहणीशिवाय मात्र असे पत्र कदापि देऊ नये. एकदा खोट्यास खरे म्हटले की पुढच्या खऱ्या पत्रासही किंमत उरत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ही नोंद कोणाच्या ई-मेल खात्यावर केलेली आहे? अनेक ठिकाणी ती भाच्याच्या, जुन्या कामगाराच्या किंवा फलक रंगवून देणाऱ्याच्या खात्यावर असते, आणि तो गाव सोडून सुरतेस वा पुण्यास गेलेला असतो. अपिलाचा अधिकार नोंद सांभाळणाऱ्या खात्याकडे असतो. दुकानाचा मालक बाहेरच राहतो. नोंद चालू असताना तिची मालकी स्वतःच्या खात्यावर घेता येते, परंतु नव्या मालकास सर्व अधिकार मिळण्यापूर्वी ७ दिवस थांबावे लागते. हे काम या आठवड्यातच उरकून घ्यावे.