काडतुसाचा आकडा फसवा

आकडा मोठा म्हणून मार मोठा, हा समज सोडायला हवा. परवान्यावर मिळणारी ३१५ बोअर आणि जुनी ‘थ्री-नॉट-थ्री’ शेजारी ठेवा: ३१५ची गोळी अंमळ जाड, पण वेगात मागे, म्हणून मारही कमी. ३०३ हा तर नळीच्या आतल्या व्यासाचा आकडा. गोळी जवळपास ०.३११ इंचाची. जिम कॉर्बेटची २७५ रिग्बी म्हणजे जर्मन ७×५७ माउझरच, विलायती नावाने. ‘थर्टी-नॉट-सिक्स’मधला सहा तर चक्क १९०६ सालचा! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ही उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. पण तेलंगणातल्या जैनथसारख्या कपाशीच्या मुलखात पीक नासणारं रानडुक्कर मारायची रीतसर परवानगी मिळाली, तर गोळी कुठवर जाते हे बंदूकवाल्याला ठाऊक हवं. पलीकडच्या शेतात वेचणीला बायका असतात, आणि ते अंतर काडतुसाच्या नावात लिहिलेलं नसतं.