नोंद पुसायची कोणी?

सिडकोने 2018 मध्ये तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी येथील 14,838 घरांची सोडत योजना जाहीर केली, तेव्हा बेताच्या पगारावर जगणाऱ्या असंख्य कुटुंबांनी अर्ज भरले. परंतु सोडतीत नाव निघणे हे अर्धेच भाग्य असते. उरलेले अर्धे बँकेच्या टेबलावर ठरते. घराचे हप्ते ठरलेल्या मुदतीत भरावयाचे, त्यासाठी कर्ज हवे, आणि कर्जासाठी ‘सिबिल’ स्वच्छ हवे. बंदरात कारकुनी करणारा अथवा उरणच्या शाळेत शिकवणारा मनुष्य बँकेत जातो आणि तेथे त्याला प्रथमच कळते, की सहा वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेल्या फोनची काहीशे रुपयांची थकबाकी अद्याप आपल्या नावावर आहे; किंवा सहकाऱ्याला जामीन राहिल्याचे फळ आता पदरात पडले आहे. घर हाती येण्याऐवजी वाटपपत्र रद्द होण्याची टांगती तलवार डोक्यावर येते.

अशा अगतिक माणसाच्या शोधात काही मंडळी असतातच. ‘सिबिल साफ करून मिळेल’ ही जाहिरात आता भिंतींवरून मोबाइलवर आली आहे. वस्तुस्थिती अशी, की खरी नोंद कोणालाही पैसे देऊन पुसता येत नाही आणि खोटी नोंद दुरुस्त करण्यास एक पैसाही लागत नाही. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक 2017 च्या आरंभापासून लागू आहे. तक्रारीचा अर्जही फुकटच आहे. दलाल घेतो ते पैसे ग्राहकाच्या अज्ञानाचे.

खऱ्या आणि खोट्या नोंदींच्या मधोमध ‘सेटलमेंट’ नावाचा एक फसवा प्रदेश आहे. वसुलीचा माणूस सांगतो, निम्मे भरा आणि मोकळे व्हा. ग्राहक निम्मे भरतो आणि मोकळा झालो असे समजतो. अहवालात मात्र खाते ‘बंद’ असे न दाखवता ‘तडजोडीने मिटवलेले’ असे दाखवले जाते आणि पुढचा प्रत्येक सावकार त्याचा अर्थ ‘बुडवलेले’ असाच लावतो. यावर उपाय एकच. राहिलेली रक्कम भरावी, थकबाकी नसल्याचा दाखला लेखी घ्यावा आणि खाते ‘बंद’ म्हणून कळवण्यास बँकेला भाग पाडावे. उशिरा भरलेल्या हप्त्यांचा जुना इतिहास त्यानेही नाहीसा होत नाही. तडजोडीच्या वेळी हे सारे ग्राहकाला त्याच्या भाषेत सांगण्याचे सौजन्य किती वसुलीवाले दाखवतात?

खोट्या नोंदीची कथा अधिक संतापजनक आहे. 2005 च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याचे 21 वे कलम ग्राहकाला दुरुस्ती मागण्याचा हक्क देते आणि त्यासाठी 30 दिवसांची मुदत घालते. परंतु त्याच कलमात अशी मेख आहे, की संबंधित बँकेने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्याखेरीज पतमाहिती कंपनीला नोंद बदलता येत नाही. म्हणजे ज्याने चूक केली त्याच्याच संमतीने चूक सुधारावयाची!

उरण-पनवेलच्या माणसाला नोंदींचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरज नाही. जमिनींसाठी 1984 च्या जानेवारीत याच परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जासईच्या भूमीवर गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले, आणि त्यानंतरही साडेबारा टक्के भूखंडांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे कागद सांभाळले. सातबाऱ्यावर फेरफार घालावयाचा तर तलाठ्याला हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकत ऐकली जाते आणि निर्णय मान्य नसेल तर प्रांताकडे अपील करता येते. महसूल खात्याचा कारभार आदर्श आहे असे कोणी म्हणणार नाही. पण नोंदीपूर्वी सुनावणी हे तत्त्व तेथे निदान कागदावर तरी आहे. पतमाहितीच्या दप्तरात थकबाकी कळवताना बँकेने ग्राहकाला संदेश पाठवावा एवढेच बंधन आहे. हरकत घ्यायची ती नोंद झाल्यानंतर.

रिझर्व्ह बँकेने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2022 च्या सप्टेंबरपासून पतमाहिती कंपन्या लोकपालाच्या कक्षेत आल्या. एप्रिल 2024 पासून 30 दिवसांत तक्रार न सुटल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते आणि दुरुस्ती नाकारल्यास कारणही सांगावे लागते. परंतु ज्याचे घर हातचे जात आहे त्याला दिवसाचे 100 रुपये म्हणजे काय? आणि कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या बँकेला तरी त्याची झळ किती?

प्रश्न केवळ घरापुरता उरलेला नाही. कर्ज थकवल्याच्या नोंदींमुळे एका उमेदवाराची नेमणूक रद्द करण्याचा स्टेट बँकेचा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये कायम ठेवला. बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्याच्या पैशाचा सांभाळ करणाऱ्याचा व्यवहार चोख असावा, ही अपेक्षा गैर नव्हे. पण मग ज्या नोंदीवर एखाद्याची उपजीविका अवलंबून आहे ती नोंद अचूक असण्याची जबाबदारीही तितकीच कठोर हवी.

अमेरिकेच्या 1970 च्या कायद्याने बहुतेक प्रतिकूल नोंदी सात वर्षांनंतर अहवालातून वगळण्याचे बंधन घातले. आपल्या नियमांतही सात वर्षे हा आकडा आहे. मात्र तो माहिती किमान किती काळ जपावी याचा आहे. कमाल मर्यादा कायद्याने घालून द्यावी, वादग्रस्त नोंद खरी असल्याचे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकावा, आणि तिने मुदतीत पुरावा दिला नाही तर तिच्या संमतीवाचून नोंद काढण्याचा अधिकार पतमाहिती कंपनीला द्यावा, अशी दुरुस्ती संसदेने 21 व्या कलमात केली पाहिजे. तोपर्यंत बँकांना एक गोष्ट उद्यापासूनही करता येईल: द्रोणागिरीच्या ग्राहकाला संगणकावरच्या इंग्रजी अर्जाकडे न पिटाळता, शाखेतच त्याची मराठीतली तक्रार घेऊन तारखेसह पोच द्यावी. 30 दिवसांची मोजणी त्या पोचेपासून सुरू व्हावी.