छोटी मालमोटार व आपली जबाबदारी

गेल्या सुट्टीत हिरकणीवाडीचा एक माजी विद्यार्थी मला भेटावयास आला. रायगडाच्या पायथ्याच्या या वाडीपासून महाडची बाजारपेठ सुमारे २५ किलोमीटर दूर. भाताची पोती, आंब्याच्या पेट्या व घरबांधणीचे सामान वाहून नेण्यास आपली स्वतःची छोटी मालमोटार असावी, अशी त्याची मनीषा. जपानातील जुन्या, चिमुकल्या मालमोटारींची चित्रे दाखवून तो म्हणाला, "गुरुजी, अमेरिकेतील शेतकरी या मागवितात, मग आपणच का मागवू नयेत?" प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठीच येथे लिहीत आहे.

जपानी कायद्याने या गाडीची लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर व इंजिन ६६० घनसेंटिमीटर यांहून अधिक असता कामा नये. अमेरिकेत २५ वर्षांची जुनी परदेशी गाडी तेथील सुरक्षा-नियमांत बसत नसली तरी आयात करता येते. परंतु ती सार्वजनिक रस्त्यावर येऊ द्यावी की नाही, हे ज्या त्या राज्याने ठरवावयाचे. टेक्सास राज्याने अशा गाड्यांची नोंदणी रोखून धरली होती. मालकांनी सनदशीर मार्गाने दाद मागितली, आणि २०२४ साली ती वाट खुली झाली. म्हणजे गाडी विकत घेणे निराळे आणि ती रस्त्यावर चालविण्याचा हक्क मिळविणे निराळे.

आपल्याकडील नियम नेमका उलट आहे. वापरलेली गाडी आणावयाची तर ती तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, सुकाणू उजव्या बाजूस असावे व ती मुंबई बंदरातच उतरावी. शिवाय जबर जकात आहेच. मला हा नियम अन्यायाचा वाटत नाही. ज्यांचे सुटे भाग महाडात मिळणार नाहीत अशा जीर्ण गाड्या आपल्या घाटांत आणून कोणाचे हित होणार? शिवाय २००५ साली टाटांची 'एस' निघाली, जिला लोक 'छोटा हत्ती' म्हणतात. तेव्हापासून याच जातीची गाडी आपल्या देशात तयार होत आहे.

तथापि गाडी देशी की परदेशी, हा वाद गौण होय. ती कायद्याने चालते काय, हा खरा प्रश्न. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालमोटार चालविण्यास २० वर्षे वय पूर्ण असावे लागते. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाने सुकाणू हाती घेतले की त्याचे कौतुक करणारे पालक मी पाहिले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने अशा अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि मुलास २५ वर्षे वयापर्यंत परवाना मिळत नाही.

दुसरी चूक याहून भयंकर. मालासाठी असलेल्या हौद्यात आपण माणसे भरतो. कधी वऱ्हाड, कधी शाळेची मुले. जानेवारी २०२१ मध्ये पोलादपूर तालुक्यात कुडपण येथे वऱ्हाडाची गाडी दरीत कोसळून माणसे प्राणास मुकली. हौद्यात ना आसन, ना पट्टा, ना छप्पर. पोते आदळले तर फाटते, मूल आदळले तर काय होईल?

कोणी म्हणेल, "एस. टी. वेळेवर येत नाही, मग जावे कसे?" हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याचा दोष केवळ गाडीवाल्यावर टाकणे योग्य नव्हे. परंतु टेक्सासच्या मालकांनी केले ते आपणही करू शकतो. ग्रामसभेत ठराव करावा, शाळेच्या वेळेची गाडी आगारात लेखी मागावी, आणि ती मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

तो विद्यार्थी आज १९ वर्षांचा आहे. मी त्यास सांगितले, "बाळा, एक वर्ष थांब. परवाना काढ, नोंदणी व विमा पुरा कर, मग देशी गाडी घे. आणि हौद्यात माणूस बसवू नकोस." तो थोडा हिरमुसला, पण पटल्यासारखा दिसला. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या मातेचे नाव या वाडीस आहे. तेथील पालकांनी तरी चार पैसे वाचविण्यासाठी आपली मुले हौद्यात उभी करू नयेत, एवढीच माझी विनंती आहे.