बार्शी लाईट : मालक बदलला, वाटा कोणास मिळाला?

घाण्याचा मालक बदलला तरी घाणा फिरतोच. तेल कोणाच्या भांड्यांत पडतें तेवढें पाहावें. बार्शी लाईट रेल्वेचा इतिहास आम्ही याच नजरेनें वाचतों.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअराच्या विलायती कंपनीनें १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची लाईन सुरू केली. बार्शी ही कापसाची पेठ. पुढें १९०६ सालीं रूळ पंढरपुरास पोंचले, वारकऱ्यांची सोय झाली. १९११ सालीं निजामाच्या मुलखांतलें लातूर व १९२७ सालीं मिरज गांठली. एकूण सुमारें ३२५ किलोमीटर. हलके रूळ, लहान डबे, आरंभीं एका आंसावर पांचच टन भार. खर्च थोडा, म्हणूनच या कोरडवाहू मुलखास गाडी दिसली, हें मान्य केलें पाहिजे.

पण कुर्डुवाडीस मोठी लाईन भेटे, तेथें सारा माल एका डब्यांतून उपसून दुसऱ्यांत भरावा लागे. हमाली, खोळंबा व फूटतूट यांचा भार कंपनी थोडीच सोसणार? तो शेतकऱ्याच्या भावांतून कापला जाई. कोष्ट्यास सूत व लोहारास लोखंड तितकेंच महाग पडे.

१ जानेवारी १९५४ रोजीं सरकारनें कंपनी विकत घेऊन लाईन मध्य रेल्वेंत सामील केली. पाटी बदलली, रुंदी तीच राहिली! रुंद रूळ पडावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें.

त्याचें फळ पाहा. एप्रिल २०१६ मध्यें लातूर तहानेनें तळमळत असतां मिरजेहून पाण्याची गाडी याच वाटेनें आली. एकेका वाघिणींत सुमारें ५० हजार लिटर पाणी. तें ओझें जुन्या रुळांस झेपलेंच नसतें. २८ डिसेंबर २०२० रोजीं देशांतील शंभरावी किसान रेल फळें व भाजीपाला घेऊन सांगोल्याहून बंगालकडे निघाली, तीही याच लाईनीवरून.

तेव्हां बंधुभगिनींनो, सरकारनें घेतली एवढ्यानें लाईन रयतेची होत नाहीं. आपल्या स्टेशनावर गाडी थांबते काय, माल चढविण्यास धक्का व सावली आहे काय, भाडें परवडतें काय, हें ग्रामसभेंत ठराव करून लेखी विचारा. एकट्याचा अर्ज टोपलींत जातो. दहा गांवांचा ठराव साहेबास वाचावाच लागतो.